वार, वसतिगृह आणि बॅले

मनीष चौहान हा टॅक्सीचालकाचा मुलगा, अमिरुद्दीन शाह वेल्डरचा. दोघेही मुंबईत बॅले शिकले आणि २०१७ मध्ये अमिरुद्दीनला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. ही बातमी तेव्हा सगळीकडे छापून आली, आणि जवळपास सगळीकडे एकाच साच्यात आली: झोपडपट्टी ते लंडन. सूनी तारापोरवाला यांनी याच दोघांवर आधी एक छोटा माहितीपट केला. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांचा 'ये बॅले' हा कथापट आला. त्यातल्या निशूची भूमिका खुद्द मनीषने केली. अमिरुद्दीन त्या वेळी लंडनमध्ये शिकत होता, म्हणून त्याच्यावरून घेतलेली आसिफची भूमिका अचिंत्य बोस या नर्तकाने केली.

चित्रपट अनेकांना आवडला, मलाही आवडला. तरीही तो पाहिल्यापासून एक प्रश्न मनातून जात नाही. गरीब घरातले मूल मोठा नर्तक झाल्याची कथा सांगताना आपण श्रेय कोणाच्या नावावर टाकतो, आणि खर्च कोणाच्या? हा लेख त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे. मी नृत्याचा जाणकार नाही. डोंबिवलीत राहून नृत्याविषयी वाचणारा, पाहणारा आणि टिपणे काढणारा माणूस आहे. त्यामुळे पदन्यासाच्या गुणदोषांत न शिरता या कथा कशा रचल्या जातात तेवढेच तपासणार आहे.

त्यासाठी आपल्या घरातलीच एक जुनी गोष्ट आठवावी लागेल.

महाराष्ट्रात गरीब विद्यार्थ्याने शिकण्याच्या दोन रीती होत्या. पहिली वार लावून जेवण्याची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचे आणि शिकायचे. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक नामवंतांच्या चरित्रांत हे वार आहेत, माधुकरी आहे, रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास आहे. या रीतीत यजमानाचा चांगुलपणा खरा होता, पण तो यजमानाच्या मर्जीवर होता. शिवाय वार मुख्यतः ब्राह्मणांच्या मुलांनाच मिळत. महाराच्या किंवा मांगाच्या मुलाला कोणत्याही वारी पान वाढले जात नव्हते.

दुसरी रीत वसतिगृहाची. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहे उघडली. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि खेड्यापाड्यातल्या मुलांची राहण्याजेवणाची सोय शिक्षणाला जोडून दिली. तिथे मुलाला कोणा एकाच्या दयेवर अवलंबून राहावे लागत नव्हते. वारावर जेवून एखादा मुलगा पुढे जाई, वसतिगृहातून तुकडीच्या तुकडी पुढे गेली. आणि एक फरक असा की, वारावर शिकलेल्याची गोष्ट नेहमी त्याच्या चिकाटीची आणि यजमानाच्या मोठेपणाची होते. वसतिगृहात शिकलेल्याच्या गोष्टीत संस्थेचे नाव घ्यावेच लागते.

बॅलेच्या कथांना मी हीच कसोटी लावून पाहिली.

आधी बॅले काय मागतो ते साध्या भाषेत समजून घेऊ. या नृत्याचा पाया म्हणजे पाय खुब्यापासून बाहेरच्या बाजूला वळवणे. ही वळण नुसत्या पावलातून आणली तर गुडघा आणि घोटा दुखावतो. ती खुब्यातून यावी लागते, आणि त्यासाठी सांधे व स्नायू लवचीक असतानाच सुरुवात करावी लागते. म्हणून मोठ्या शाळा साधारण दहा-अकराव्या वर्षी मुले घेतात आणि पुढे सुमारे आठ वर्षे रोज घडवतात. रोज म्हणजे अक्षरशः रोज: आधी आडव्या दांड्याला धरून, मग दांडा सोडून मोकळ्या जागेत, शेवटी उड्या आणि गिरक्या. उड्यांसाठी जमीन लागते लाकडाची, खाली पट्ट्यांवर उचललेली, किंचित दबणारी. सिमेंटवर किंवा फरशीवर उडी मारून उतरले तर तो धक्का नडगीत आणि कमरेत जातो. शिक्षक समोर लागतो, कारण चूक आरशात दिसली तरी ती दुरुस्त होते शिक्षकाच्या बोटाने. शिवाय पोटभर आणि कसदार अन्न लागते.

आता ही यादी पुन्हा वाचा. दहाव्या वर्षीची सुरुवात, रोजचा वर्ग, लाकडी जमीन, जाणता शिक्षक, पोटभर जेवण. यातली एकही गोष्ट प्रतिभेतून निघत नाही. प्रतिभा असली तर या पाच गोष्टींचे चीज होते, पण या पाच नसतील तर प्रतिभा होती की नव्हती हे कोणाला कळतही नाही.

जगातल्या ज्या गरीब मुलांनी बॅलेत नाव कमावले त्यांच्या कथा या यादीशेजारी ठेवून पाहाव्यात. अॅना पाव्हलोवा १८८१ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मली. तिची आई धुणी धुणारी होती. आईने तिला एकदा थिएटरात नेले आणि 'स्लीपिंग ब्यूटी' पाहून मुलीने नाचायचे ठरवले, हा प्रसंग तिच्या प्रत्येक चरित्रात येतो. त्यानंतरचा प्रसंग तितक्या ठळकपणे येत नाही. १८९१ मध्ये तिला राजघराण्याच्या नृत्यशाळेत घेतले गेले, आणि त्या शाळेत राहणे, जेवण, कपडे आणि शिक्षण यांची सोय झारच्या खजिन्यातून होत असे. धुणेवालीची मुलगी नर्तकी होण्यात थिएटरातल्या त्या संध्याकाळचा वाटा आहेच. पण ती संध्याकाळ पुढे वाया गेली नाही, कारण तिच्यामागे एक शाळा उभी होती.

कार्लोस अकोस्टाचे उदाहरण अधिक जवळचे. १९७३ मध्ये हवानात जन्मलेला हा ट्रकचालकाचा मुलगा, अकरा भावंडांतला. त्याला बॅले नको होता, फुटबॉल हवा होता. बापाने त्याला नृत्यशाळेत घातले ते पोरगा रस्त्यावर वाया जाऊ नये म्हणून, आणि तिथे जेवण मिळत होते म्हणूनही. क्यूबात क्रांतीनंतर बॅलेची शाळा सरकारी झाली होती, शिकवणी फुकट होती. १९९० मध्ये त्याने लोझानची स्पर्धा जिंकली, १९९८ मध्ये तो लंडनच्या रॉयल बॅलेत गेला, आणि २०२० पासून बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचा संचालक झाला. त्याच्या जीवनावरचा 'युली' (२०१८) हा चित्रपट मला म्हणूनच प्रामाणिक वाटतो. त्यात मुलाला स्वप्न पडत नाही; बापाला हिशेब कळतो.

ली कुनशिन हा चीनमधल्या छिंगताओजवळच्या खेड्यातला, सात भावांपैकी सहावा. १९७२ मध्ये, अकरा वर्षांचा असताना, पेकिंगहून आलेल्या अधिकाऱ्यांनी त्याला त्याच्या शाळेतून निवडून नेले. त्याचे 'माओज लास्ट डान्सर' हे आत्मचरित्र (२००३) वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते: निवड झाली ती त्याच्या इच्छेने नव्हे, सरकारच्या गरजेने. म्हणून या सरकारी शाळांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. झारच्या शाळेला दरबारासाठी नर्तक हवे होते, माओच्या पत्नीला प्रचारासाठी. लीने १९८१ मध्ये अमेरिकेतच राहण्याचा निर्णय घेतला यात सगळे आले. पण राजवट झारची असो, माओची असो की कास्त्रोची, एक गोष्ट तिन्हीकडे समान होती: गरीब मुलाला नर्तक करण्यासाठी तिथे चमत्कार लागत नव्हता. ते त्या शाळेचे नेहमीचे काम होते.

आता आपल्याकडे येऊ. पाव्हलोवा १९२२ मध्ये हिंदुस्थानात आली आणि मुंबईतही नाचली. तिच्या प्रोत्साहनाने जे नृत्याकडे वळले त्यांत लीला रॉय-सोखी होत्या. परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिबसिंग सोखी यांच्या त्या पत्नी. 'मादाम मेनका' या नावाने त्यांनी कथकला संघनृत्याची आणि कथानकाची जोड देऊन हिंदी बॅले उभा केला. त्यांच्या संचाने युरोपचा दौरा केला आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत पारितोषिके मिळवली.

या मेनकांच्या घरात एक मराठी मुलगी वाढली, दमयंती जोशी. १९२८ चा जन्म, मुंबईचा. मेनकांना मुलगी दत्तक हवी होती, पण दमयंतीची आई वत्सला जोशी यांनी आपले मूल देऊन टाकायला नकार दिला. शेवटी दोन्ही घरांनी मिळून तिला वाढवायचे ठरले. मेनकांनी पंडित सीताराम प्रसाद यांना शिक्षक म्हणून घरीच आणले. दमयंती लहान वयातच संचातून परदेशी गेली आणि पंधराव्या वर्षी संचातली प्रमुख नर्तकी झाली. पुढे लखनौ घराण्याच्या गुरूंकडे शिकून त्या एकल कथक नर्तकी म्हणून नावारूपाला आल्या. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मश्री मिळाली.

वर दिलेली यादी इथेही पूर्ण होते: लहान वय, रोजची तालीम, घरात शिक्षक, सांभाळणारे घर. पण हे सगळे एका बाईच्या घरात होते. मेनका १९४७ मध्ये वारल्या. त्यानंतर मुंबईतल्या एखाद्या होतकरू मुलीने कोणाचे दार ठोठवायचे होते? वाराची रीत यजमानाच्या आयुष्याएवढीच टिकते. वत्सलाबाईंचा नकारही मला महत्त्वाचा वाटतो. आईने मुलीला कलेसाठी पाठवले, पण देऊन टाकले नाही. आपल्या कलाचरित्रांत गुरूचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि अशा आईचे एका ओळीत.

याच्या नेमके उलट उदाहरण विठाबाई नारायणगावकरांचे. १९३५ मध्ये पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई भाऊ-बापूंच्या तमाशाच्या फडातच वाढल्या. शिकवणीला फी नव्हती, जन्मापासून तालीम होती, बोर्डावर उभे राहायला कोणाची शिफारस लागत नव्हती. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा दोनदा सन्मान झाला. नाचता नाचता कळा सुरू झाल्या, बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिकत महाराष्ट्र अजून कौतुकाने सांगतो. त्यात त्या बाईला परत का यावे लागले हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. पुढे २००६ पासून सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला.

म्हणजे आपल्याकडे दोन वेगळ्या अडचणी आहेत. तमाशात शिक्षण घरचेच होते, पण प्रतिष्ठा नव्हती आणि म्हातारपणाची सोय नव्हती. बॅलेत प्रतिष्ठा तयार आहे, पण शिक्षण कुठेच घरचे नाही. वेल्डरचा मुलगा बॅले नाचला की बातमी होते. फडातली मुलगी जन्मभर नाचली तरी तिला 'गरिबीतून वर आलेली नर्तकी' असे कोणी म्हणत नाही. 'गरिबी ते कीर्ती' या कथेत कोणती कीर्ती धरायची हे आधीच ठरलेले असते, आणि ते ठरवताना जात बाजूला राहत नाही.

या पार्श्वभूमीवर 'ये बॅले' पाहिला की त्याचे बळ आणि उणीव दोन्ही स्पष्ट होतात.

बळ आधी सांगतो. तारापोरवाला 'सलाम बॉम्बे'च्या पटकथाकार आहेत, छायाचित्रकार आहेत. गरिबांची घरे त्या पर्यटकासारख्या दाखवत नाहीत. आसिफच्या घरचा धार्मिक विरोध आणि निशूच्या बापाचा व्यवहारी विरोध, दोन्ही त्या खलनायकी रंगात रंगवत नाहीत. टॅक्सी चालवणाऱ्या बापाला मुलाच्या नाचात भाकरी दिसत नाही, आणि ते त्याचे अज्ञान नसून अनुभव आहे, हे पडद्यावर कळते. मनीषचे शरीर खोटे बोलत नाही. त्याची उडी अभिनय नाही.

उणीव कथेच्या रचनेत आहे. सॉल अॅरन हा परदेशी, तिरसट, एकाकी शिक्षक (ज्युलियन सँड्स) येतो, मुलांतले पाणी ओळखतो, त्यांच्यावर खेकसतो आणि शेवटी त्यांना आपल्या घरात घेतो. या पात्रामागे इस्रायली-अमेरिकन शिक्षक येहुदा माओर आहेत. अॅशली लोबो यांच्या 'द डान्सवर्क्स'मध्ये त्यांनी या दोन मुलांना शिकवले आणि त्यांच्यासाठी खरोखर खस्ता खाल्ल्या. त्या माणसाचे ऋण कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण ही गोष्ट वाराचीच झाली. यजमान भला निघाला म्हणून विद्यार्थी जेवला. तो मुंबईत आलाच नसता तर काय झाले असते, हे चित्रपट विचारत नाही, कारण ते विचारले तर आनंदाचा शेवट डळमळतो.

दुसरी उणीव वयाची. चित्रपट दोन्ही मुलांना एकाच शर्यतीत उभे करतो. आधी चुरस, मग मैत्री. प्रत्यक्षात अमिरुद्दीन शाळकरी वयात बॅलेकडे आला आणि मनीष कॉलेजच्या वयात. शिक्षक एक, वर्ग एक, घरची ओढाताण सारखीच. एकाला रॉयल बॅले स्कूलचे दार उघडले. दुसरा न्यू यॉर्कला जाऊन नर्तक झालाच, पण 'पेरिडान्स' या समकालीन नृत्याच्या संस्थेत. त्याच्यावरचा 'कॉल मी डान्सर' हा माहितीपट (२०२३, दिग्दर्शन लेस्ली शॅम्पेन आणि पिप गिलमोर) मला कथापटापेक्षा मोलाचा वाटतो तो याच कारणासाठी. उशीर म्हणजे काय, ते त्यात सतत जाणवते. घरच्यांची मिळवत्या मुलाकडून असलेली अपेक्षा आणि शरीराचे घड्याळ, दोन्ही त्याच्या मानेवर आहेत. दिल्लीचा कमलसिंग हा ई-रिक्षाचालकाचा मुलगाही असाच उशिरा, सतराव्या वर्षी, 'एबीसीडी' हा हिंदी चित्रपट पाहून बॅलेकडे वळला. २०२० मध्ये त्याला लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलने घेतले तेव्हा फीचे पैसे लोकांकडे मागून उभे करावे लागले. पुन्हा वारच, फक्त आता यजमान इंटरनेटवर.

याच्याशी ताडून पाहायला 'बिली इलियट' (२०००) हा इंग्रजी चित्रपट घ्यावा. १९८४-८५ च्या खाण कामगारांच्या संपात बॅले शिकू पाहणाऱ्या मुलाची ही काल्पनिक कथा. तिच्यात भावुकता पुष्कळ आहे, पण पैसा लपवलेला नाही. मुलाच्या लंडनच्या भाड्यासाठी बाप संप मोडून कामावर जायला निघतो, आणि थोरला मुलगा त्याला अडवतो. मग वस्ती वर्गणी काढते, मेलेल्या आईचे दागिने गहाण पडतात. मुलाच्या एका उडीची किंमत कोणी, कशात चुकवली हे त्या चित्रपटात दिसते. गिरणगावाने १९८२ चा संप पाहिला आहे. त्या संपानंतर किती घरांतली मुले वर्गातून उठली आणि किती कुटुंबे रेल्वेच्या या टोकाला, ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याणकडे सरकली, हे आम्हाला सांगायला नको. अशा घरातल्या एखाद्या मुलाला नाचायचे असेलच की. त्याची कथा कोणी लिहिली नाही, कारण ती यशाची झाली नाही.

मराठी वाचकाला हा हिशेब मागायची सवय दलित आत्मकथनांनी लावली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले, किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये. या पुस्तकांत गरिबी हे पहिले प्रकरण नसते, की जे संपले म्हणजे यशाचे प्रकरण सुरू व्हावे. शिकून नोकरीला लागलेल्या माणसाच्या मागे ती येत राहते. मागे राहिलेली आई, बहीण, वस्ती पानापानावर असतात. काळे यांच्या पुस्तकात तर नाचणाऱ्या बाईच्या कमाईवर घर चालते आणि तिचा स्वतःचा वाटा शून्य राहतो. हे वाचून तयार झालेल्या वाचकाने बॅलेच्या कथेला चारच प्रश्न विचारावेत. शिकताना जेवण कोणाचे होते? कोणत्या वयात दार उघडले? बरोबरीची मुले कुठे गेली? आणि आईचे काय झाले? 'युली' आणि 'बिली इलियट' यांतले निम्मे प्रश्न तरी अंगावर घेतात. 'ये बॅले' पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो, दुसऱ्याला चुकवतो, तिसऱ्याकडे त्याचे लक्षच नाही.

हा तिसरा प्रश्न आमच्या भागातला आहे, म्हणून त्यावर थोडे.

ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि पलीकडे मीरा-भाईंदर, वसई या पट्ट्यात आज नाचणारी मुले खूप आहेत. 'किंग्ज युनायटेड' हा वसई-नालासोपाऱ्याकडचा गट २०१९ मध्ये अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' स्पर्धा जिंकला. 'व्ही अनबीटेबल' हा भाईंदर परिसरातला गट फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे 'ये बॅले' आला त्याच महिन्यात, 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'ची विजेत्यांची स्पर्धा जिंकला. यातली बहुसंख्य मुले गरीब घरातली. 'व्ही' हे अक्षर त्यांच्या एका सहकाऱ्याच्या नावाचे आहे. तो सरावात पडला आणि त्या दुखापतीने गेला. हे त्यांनी स्वतः त्या मंचावर सांगितले, प्रेक्षक रडले, आणि पुढची कसरत सुरू झाली. मुले एकमेकांना हवेत फेकून सराव करत असतील तर त्यांच्या पायाखाली काय आहे, हा प्रश्न त्या रडण्यात हरवला. वर मी दबणाऱ्या लाकडी जमिनीचा उल्लेख केला तो केवळ बॅलेच्या नजाकतीसाठी नव्हता.

डोंबिवलीतले नृत्यवर्ग मी पाहतो ते शाळांच्या सभागृहांत, सोसायटीच्या हॉलमध्ये, कधी गच्चीवर चालतात. खाली फरशी किंवा सिमेंट. शिकवणारे बहुधा स्वतः तरुण, टीव्हीवर आणि फोनवर पाहून तयार झालेले, मेहनती. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत, गणपतीत, गॅदरिंगला त्यांच्याच मुलांचे नाच आपण कौतुकाने पाहतो. यातल्या कोणाला बॅलेसारखे शास्त्रशुद्ध शिक्षण घ्यायचे असेल तर मुंबई गाठावी लागते: दादरला गाडी बदलून पश्चिमेच्या उपनगरांत, एका फेरीला दीड-दोन तास, तेही गर्दीच्या वेळी. दहा वर्षांच्या मुलाने हे रोज करावे अशी अपेक्षा कोणी करू नये. मग जाते ते कॉलेजच्या वयातले मूल, एकट्याने जाऊ शकते म्हणून. आणि तोवर उशीर झालेला असतो. मनीषच्या उशिरामागचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. आमच्या स्टेशनांवर ते रोज उभे असते.

यावर उपाय म्हणून बॅलेची सरकारी शाळा काढा असे मी म्हणणार नाही. बॅले आलाच पाहिजे असेही नाही. कथक, भरतनाट्यम, लावणी, हिपहॉप, सगळ्यांनाच पाय आणि जमीन लागते. पण ठाण्याला १९७८ पासून गडकरी रंगायतन आहे, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर आहे. ही नागरिकांच्या पैशाने उभी राहिलेली नाट्यगृहे आहेत. तिथे मुले वर्षातून एकदा, भाडे भरून, पालकांना तिकिटे खपवून नाचतात. वर्षाचे उरलेले दिवस ती फरशीवर सराव करतात. रंगमंच असतो तो निकालाच्या दिवसासाठी. अभ्यासासाठी आपण काहीच बांधलेले नाही. पालिकेच्या शाळांतला एकेक हॉल लाकडी जमीन घालून, रोज दोन तास, फी न घेता आठ ते बारा वर्षांच्या मुलांना दिला आणि शिकवणाऱ्याला नीट मानधन दिले, तर त्याला वसतिगृहाची सुरुवात म्हणता येईल. कामगार कल्याण केंद्रांनी एके काळी गिरणी कामगारांच्या घरांसाठी वाचनालये, शिवणवर्ग आणि नाट्यस्पर्धा चालवल्या. त्यातून रंगभूमीला माणसे मिळाली. हे महाराष्ट्राला जमत नाही असे नाही.

टीकाकाराचे काम यात कोणते, असे कोणी विचारेल. माझ्या मते एवढेच, की कथेला तिच्या सोयीप्रमाणे संपू देऊ नये. अमिरुद्दीनची उडी सुंदर आहे. ती पाहून टाळी वाजवावी, पण त्या टाळीत आपली जबाबदारी संपली असे समजू नये. एका मुलाला एक भला गुरू मिळाला याचा आनंद मानताना, ज्या मुलांना तो मिळाला नाही त्यांची मोजदाद चरित्रकाराने, दिग्दर्शकाने आणि दिवाळी अंकात लेख लिहिणाऱ्यानेही मागायला हवी. शाहू महाराजांनी वार लावणाऱ्या मुलांचे नुसते कौतुक केले असते, तर कोल्हापुरात एकही वसतिगृह उभे राहिले नसते.